न जुळणारं माप

४ मार्च

नाही आला! नऊला येतो म्हणाला होता. अकराला फोन — "ताई, उद्या नक्की." कालही उद्याच होतं! नवऱ्याने या कंत्राटदाराचं नाव 'उद्याराव' ठेवलंय आणि स्वतःच हसतो. मला हसू येत नाही.

जानेवारीत आई तिच्या बाथरूममध्ये घसरून पडली. दीड तास तशीच. शेजारीण डोकावली म्हणून कळलं. मी त्या वेळी मीटिंगमध्ये होते, फोन बंद. तेव्हाच ठरवलं — एकतीस मार्चला ती कायमची आमच्याकडे. मागची खोली तिला द्यायची, लागून नवं बाथरूम. एवढंच काम. राजवाडा नाही बांधायचाय.

आणि या माणसाला निवडलं कोणी? मीच. तिघांना बोलावलं होतं. "कोण वापरणार?" असं आधी विचारणारा हा एकटाच. त्यालाच भुलले.

७ मार्च

आला. भिंत फोडली, सगळीकडे धूळ करून ठेवली, दोन तासांत गेला. भाताला धुळीची चव.

९ मार्च

आईला खोली दाखवायला आणलं. काठी टेकत सगळीकडे फिरली. खिडकीतून बराच वेळ खाली बघत होती. "छान आहे गं. केवढी उंच!" शिवणयंत्र कुठे ठेवायचं ते दाखवलं. मान हलवली.

मी चहा टाकायला गेले तर उद्याराव तिच्याशी गप्पा मारत बसले. "आई, आई" करत! मी आल्यावर दोघंही गप्प.

"काय म्हणत होता?"

"काही नाही गं. घरचंच."

घर सोडतोय असं तिच्या घरमालकाला लिहून द्यायचंय. त्या पत्रावर सही हवी होती. चष्मा विसरले म्हणाली.

१३ मार्च

नाही आला.

१४ मार्च

नाही. फोनही उचलत नाही.

१६ मार्च

आज ओरडले. दार उघडं होतं, समोरचे ऐकत होते, तरी ओरडले. "तुम्हाला आई नाही का हो?" गवंड्यांसमोर विचारलं. तो थापी पुसत म्हणाला, "आहे, ताई."

वाक्य हलकं होतं. मान्य. पण राग तर खरा होता ना? की त्या फोन बंद ठेवणाऱ्या बाईवरचा राग मी त्याच्यावर काढतेय? माहीत नाही. पुरे. आज मला समजूतदार व्हायचं नाहीये.

१९ मार्च

कहर झाला! हा माणूस मापं कागदावर लिहीत नाही, भिंतीवर पेन्सिलीने लिहितो. वर टाइल्स बसणारच आहेत, म्हणून. आज मी टेप घेऊन एकेक माप ताडून पाहिलं. पेन्सिलीच्या एका चौकटीतली मापं कशालाच जुळेनात — ४ फूट १०, ५ फूट ३, खाली 'दांडा २-७'. आमचं बाथरूम पाच बाय सात! तीनदा मोजलं. वाटलं माझंच चुकतंय. नवऱ्याला टेपचं टोक धरायला लावलं. "आता घरच सरकवू या का?" म्हणे. त्याच्यावरही खेकसले.

उद्यारावांना फोन.

"ताई, ते इथलं नाही."

"मग कुठलं?"

"दुसऱ्या कामाचं आहे."

म्हणजे माझं काम लटकवून दुसरी कामं घेतोय, आणि त्यांची मापं माझ्या भिंतीवर! निर्लज्जपणाची हद्द! चौकट ओल्या फडक्याने पुसायला गेले. पुसटही होईना.

२३ मार्च

काढून टाकलं. फोनवरच सांगितलं — उद्या येऊन सामान घेऊन जा. भांडला नाही. "बरं," म्हणाला. आणि मग, "ताई, एकदा आईंशी बोला."

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगू?"

फोन आपटला. माझ्या आईशी मी काय बोलायचं ते आता हा शिकवणार!

२४ मार्च

आई सकाळीच आली. एकटी! उद्यारावांनी कळवलं असणार. दारातच म्हणाली, "त्याला काढू नकोस. मीच सांगितलं होतं त्याला, जरा दमानं घ्या म्हणून. आधी लेकीशी बोलते म्हटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सारखी रागात असायचीस गं."

मी खुर्चीत बसले. ती उभीच. तिच्या तळमजल्याच्या खिडकीशी कपडे शिवायला टाकणारी, चार गोष्टी बोलून जाणारी माणसं असतात. "मागच्या खोलीत कोण येणार माझ्याकडे?" म्हणाली. आणि मग, अगदी हळू — "पडले मी. म्हणून घर का सोडायचं?"

चष्मा गळ्यातच होता. पत्राचं मी काढलं नाही.

न्यायाने लिहायचं तर पहिल्या आठवड्यातला उशीर त्याचा. नंतरचा सगळा आईचा. आणि तिला तो करावा लागला, तो माझ्यामुळे.

२६ मार्च

उद्यारावांना फोन केला. आधी माफी मागितली — धड जमली नाही. मग म्हटलं, आईच्या घरच्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचाय, आणि खाली खरखरीत फरशी. जाऊन माप घ्याल का?

"माप घेतलंय, ताई. तुमच्याच भिंतीवर आहे."