केवड्यावर दोन सह्या

२४ सप्टेंबर २०२१, शुक्रवार

देवळं उघडणार. घटस्थापनेपासून. बातमी मी टीव्हीवर वाचत होते तेवढ्यात साकेतचा फोन. "संचिता, अगरबत्तीवाले आता वेडे होणार बघ. सोमवारपासून सगळे रोज. दिवसाआड बंद." मालकाचा मुलगा, कारखाना तोच चालवतो. दीड वर्षात त्याचा आवाज एवढा मोकळा ऐकला नव्हता. मी म्हटलं, छान.

बाहेर कुणी विचारलं तर मी केमिकल कंपनीत आहे एवढंच सांगते. खरं तर आम्ही वास बनवतो. अगरबत्तीसाठी, साबणासाठी, फिनेलसाठी. मोगरा, चंदन, केवडा – पिंपांतून.

आणि मला वास येत नाही. हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहिते आहे. कोरोनाचा ताप तीन दिवसांत उतरला होता. ९ मेला हिंगाची डबी उघडली – काहीच नाही. आज एकशे अडतीस दिवस.

२५ सप्टेंबर

आज शनिवार, माझा एकटीचा शेवटचा दिवस. मी नक्की काय करते ते लिहून काढते. कागदावर आलं की चूक दिसते, असा अनुभव आहे.

प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाची, तपासणी दोनदा होते. आधी यंत्र. ते घटक वेगळे करतं आणि कागदावर शिखरं काढतं. ते माझं काम, त्यात मी चुकत नाही. मग नाक. कागदाची पट्टी मालात बुडवायची, दुसरी पट्टी जुन्या चांगल्या नमुन्यात, आणि दोन्ही हुंगायच्या. यंत्राला न दिसणारं एवढंसं काहीतरी नाकाला दिसतं. म्हणून दोन नाकं, वहीत दोन सह्या. पहिली केतकरकाकांची. प्रभाकर केतकर, एकतीस वर्षं इथेच. दुसरी माझी.

पूर्वी आम्ही एका टेबलावर समोरासमोर बसून हुंगायचो. काका डोळे मिटून म्हणायचे, "हा मोगरा दुपारचा आहे. मला सकाळचा हवा." त्यावर वाद. कोरोनात नियम आला, एका खोलीत दोघांनी मास्क काढायचा नाही. तेव्हापासून ते सोम-बुध-शुक्र, मी मंगळ-गुरु-शनि. त्यांची सही आदल्या दिवशी झालेली असते. मी पट्टी नाकाखाली धरते, दहा आकडे मोजते, जुन्या वहीतून शेरा उतरवते आणि सही करते.

काका चुकत नाहीत, म्हणून माझ्या सहीने काही बिघडत नाही. हे वाक्य मे महिन्यापासून चालू आहे. लिहिल्यावर तेवढं भक्कम वाटत नाही.

२७ सप्टेंबर

सगळे आले. बेचाळीस माणसं. सायकली, स्कूटर, डबे. कॅन्टीनमध्ये काचेचे ग्लास परत आले, कागदी कप गेले. कुणीतरी रेडिओ लावला. मला बरं वाटलं, हे नोंदवून ठेवते.

काका दीड वर्षाने समोर दिसले. बारीक झालेत. "संचिता, तू चष्मा बदललास वाटतं." बदललाय, मागच्या जानेवारीत.

नाकाच्या खोलीचा नियम मात्र तसाच आहे. एक बाहेर आला की दुसऱ्याने जायचं, मध्ये दहा मिनिटं खिडकी उघडी. साकेत म्हणाला, अजून थोडे दिवस. मला सुटल्यासारखं झालं. त्यानंतर स्वतःचा राग आला.

२९ सप्टेंबर

केवडा. पनवेलच्या अगरबत्तीवाल्याची ऑर्डर, देवळं उघडण्याआधी त्याला माल हवा. एप्रिलपासून बंद असलेली मोठी टाकी त्यासाठी सुरू केली. यंत्राचा कागद स्वच्छ, प्रत्येक शिखर जागच्या जागी. अकराला काका खोलीत गेले, सही करून आले. मी गेले. दहा आकडे. शेरा – 'ताजा, हिरवट, शेवट गोड.' सही.

३० सप्टेंबर

पिंपं भरून झाली. जेवणाच्या सुट्टीत भरणीवरच्या शेवंतीताई माझ्याजवळ आल्या. शीळफाट्याकडच्या गावच्या, वीस वर्षं कंपनीत. दोन मास्क लावलेले, वरचा कापडी.

"मॅडम, राग नको मानू. यो केवरा हाय ना?"

"हो. का?"

"मना त आंबलेली पेज वाटते. दोन मास्कातून येते. पोरी बोलतात, बाय डोकं धरलं."

"पाहते," मी म्हटलं.

त्या थांबल्या. मी आता उठेन आणि पिंपाचं झाकण उघडून हुंगेन, असं त्यांना वाटलं असणार. मी डबा बंद करत राहिले. "बग तू. तुमी शिकलेली मानसं," म्हणाल्या आणि गेल्या.

कागद पुन्हा काढला. शिखरं तीच. काकांची सही तीच. दोन्ही पुरावे एका बाजूला, शेवंतीताईंचं नाक दुसऱ्या. दुपारभर मी पुराव्यांकडे पाहिलं. पाहते म्हणाले आणि फक्त पाहिलंच.

१ ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहायचं आहे.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टेम्पो निघाला. गेटमधून वळताना मला दिसला. साडेनऊला मी काकांच्या टेबलासमोर उभी राहिले. रात्री वाक्य तयार केलं होतं, ते विसरले.

"काका, मला वास येत नाही. मे महिन्यापासून. मी तुमच्या सहीवर सही करते. केवड्याबद्दल शेवंतीताई म्हणतात आंबलाय. तुम्ही एकदा परत हुंगाल का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कपाटातून २०१८ची वही काढून एका पानावर बोट ठेवलं. 'ताजा, हिरवट, शेवट गोड.' त्यांचं अक्षर.

"हे तू इथून उतरवतेस ना?"

"हो."

"मीही इथूनच उतरवतो. एप्रिलअखेरपासून."

मला लगेच कळलं नाही. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे मला वाटायचं, मागून तू हुंगतेस. चुकलं तर तू अडवशील. तुझं नाक तरुण आहे, शिवाय यंत्राचा कागद तू काढतेस." वही मिटत म्हणाले, "एकतीस वर्षांत खोटा शेरा लिहिला नव्हता. आता पाच महिन्यांत किती लिहिले, मोजायचं धाडस नाही."

मी मोजून सांगू शकले असते. सांगितलं नाही.

दोघं साकेतच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत काकांकडे.

"थांबा. एकाला येत नाही, बरोबर?"

"दोघांना," काका म्हणाले.

"मग मी पाच महिने कुणाच्या नाकावर धंदा करतोय?"

"यंत्राच्या," मी म्हटलं. बोलायला नको होतं.

"यंत्राला नाक असतं तर तुम्हा दोघांना पगार कशाला दिला असता, संचिता?" हा प्रश्न बरोबर होता.

त्याने टेम्पोवाल्या देवरामला फोन लावला, स्पीकरवर. मागे हॉर्नच हॉर्न. "साहेब, शीळफाट्यालाच आहे अजून. एक कंटेनर आडवा झालाय. इंजिन बंद करून भेळ खातोय."

"खा. मग गाडी वळव."

"वळवू कशी, उडू काय?"

शीळफाट्याच्या ट्रॅफिकचा कुणालातरी उपयोग झालेला मी आज पहिल्यांदा पाहिला. टेम्पो दीडला परत आला. साकेतने स्वतः झाकण उघडलं, वाकला, आणि सरळ होऊन दूर गेला. शेवंतीताईंना बोलवायची गरजच नव्हती. तरी मी बोलावलं. त्यांनी पिंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "काल बोललेली मी."

"हो. काल तुमचं ऐकायला हवं होतं," मी म्हटलं.

२ ऑक्टोबर

सुट्टी. साकेतचा मेसेज – सोमवारी दोघेही या. पुढे काही नाही. नोकरी जाईल का, हे या तीन शब्दांवरून ठरत नाही.

३ ऑक्टोबर

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मला ठाऊक आहे," म्हणाली.

"कधीपासून?"

"जून. मी सुकट भाजते, तू बाजूला बसून लॅपटॉप बडवतेस. पूर्वी सगळ्या कोपर स्टेशनला ऐकू जाईल असा आरडाओरडा करायचीस. खिडक्या उघड, पंखा लाव."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट पाहत होते. तुझ्याशी कोण वाद घालणार? आणि सुखाने सुकट तरी खायला मिळत होती."

४ ऑक्टोबर

नोकरी आहे. दोघांचीही. साकेतने एक तास बोलून घेतलं, ते ऐकण्यासारखंच होतं. मे महिन्यापासूनच्या प्रत्येक घाण्याचा राखून ठेवलेला नमुना परत तपासायचा. कुठे चूक निघाली तर ज्याला माल गेला त्याला मी स्वतः फोन करायचा. मान्य केलं.

मग त्याने एक गोष्ट केली, ती त्याला सुचली याचं मला आश्चर्य वाटलं. दहा बाटल्या, नावं झाकलेली, आणि सगळ्या बेचाळीस जणांना एकेक करून हुंगायला लावलं. नऊ जणांना धड वास येत नव्हता! कुणीच बोललं नव्हतं. भरणीवरचा एकजण म्हणाला, "विचारलंच कोणी?"

दहापैकी दहा एकट्या शेवंतीताईंना.

५ ऑक्टोबर

टाकी उघडली. तळाच्या नळाच्या वाकणात जुनं काहीतरी राहिलेलं, सहा महिने बंद. मीच बॅटरी धरून आत वाकले. पाहणारे दोघे नाक दाबून लांब उभे. मला काहीच नाही, त्यामुळे काम पटकन झालं. हा या आजाराचा एकमेव फायदा.

राखलेले नमुने शेवंतीताई हुंगतायत. आज चौदा झाले, चौदाही चांगले. अजून तेहतीस.

७ ऑक्टोबर, घटस्थापना

नवा केवडा. खोलीचा नियम आजपासून उठला. सगळ्यांचे दोन्ही डोस झालेत, खिडक्या उघड्या, पंखा. एका टेबलाला तिघं, शेवंतीताई मध्ये. सही करायची म्हणून नवी साडी नेसून आल्या होत्या.

काका पट्टी धरत, त्या हुंगत, मी लिहीत होते.

"पहिलं काय जाणवतं?" काका.

"धुवून दोरीवर टाकलेलं लुगरं. अजून सुकलं नाय."

"वा. मग?"

"मग आत बाई. लग्नाची."

"बाई असं शेऱ्यात लिहिता येणार नाही," मी म्हटलं.

"लिही गं," काका म्हणाले. "तीस वर्षं मी 'हिरवट' लिहितोय. हे जास्त नेमकं आहे."

लिहिलं. वहीत आता तीन सह्यांची जागा. माझ्या सहीसमोर कंसात – 'फक्त यंत्र'. काकांनी त्यांच्या जागेत काहीच लिहिलं नाही. थोडा वेळ पेन धरून बसले आणि सही न करता वही मिटली. तेव्हा दोनच सह्या.

माल नऊ वाजता गेला. संध्याकाळी घरी येताना गणपतीच्या देवळाशी रांग होती, दोन-दोन हात अंतर ठेवून. चप्पल काढायला लोक जागा शोधत होते. मी रांगेत उभी राहिले नाही, पण बराच वेळ पाहत राहिले.

११ ऑक्टोबर

सगळे सत्तेचाळीस नमुने झाले. दोन ठीक नाहीत, दोन्ही फिनेलचे. फोन केले. एक जण म्हणाला, "फिनेलला कोण हुंगतं मॅडम?" दुसरा रागावला, बदली माल मागितला. देणार.

गेल्या आठवड्यात एकदाची डॉक्टरांकडे गेले, त्यांनी सांगितलेला व्यायाम काकांनाही दिला. गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी. प्रत्येकी वीस सेकंद, सकाळ-संध्याकाळ. नुसतं हुंगायचं नाही, तो वास आठवायचाही. आम्ही कंपनीत एकत्र करतो. शेवंतीताई सेकंद मोजतात. "हां, सोर. पुढची." बालवाडीतल्या बाईंसारख्या.

१८ ऑक्टोबर

काही नाही.

काका म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहतो. नाही आलं तर घरी बसतो. न हुंगता इथे बसणं म्हणजे आचाऱ्याने नुसतं वाढायला उभं राहणं." मी म्हटलं, शेवंतीताईंना शिकवायला कुणीतरी हवं. "त्याच मला शिकवतायत," म्हणाले. विनोद नव्हता तो.

ते गेले तर मला काय होईल, याचा विचार केला. मला या कामात त्यांनी आणलं. मुलाखतीत सगळ्यांनी गुण विचारले, त्यांनी एकट्याने विचारलं होतं, तुझ्या शाळेच्या दप्तराला कसला वास यायचा?

२३ ऑक्टोबर

लवंगेला गालात काहीतरी गार झालं. वास नव्हे. स्पर्श असावा. मोजत नाही.

२६ ऑक्टोबर

काकांनी साकेतला पत्र दिलं. दिवाळीपासून मोकळं करा म्हणून. साकेतने ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे, उत्तर दिलेलं नाही. काका आज व्यायामाला उशिरा आले.

३० ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कंपनीकडे जाताना नाल्यावरच्या पुलावर रिक्षा सिग्नलला थांबली. रिक्षावाल्याने रुमाल नाकाला लावला. मी मास्क काढला. सडलेली अंडी. त्याखाली जळकं रबर. त्याखाली अगदी थोडं, गोड. उतरले, कठड्याला टेकून दहा श्वास मोजले. तिन्ही दहाच्या दहा वेळा.

काकांना फोन केला. म्हटलं, नाल्याला वास येतोय. अंडी, रबर आणि काहीतरी गोड.

 "गोड म्हणजे नेमकं कसं? जळकी साखर की पिकलेला फणस?"

"फणस."

"फणस मला लागत नाही अजून. त्या नाल्याचं रबर मला गुरुवारपासून लागतंय. खात्री नव्हती म्हणून बोललो नाही. तिथेच थांब. मी येतो, आणि ते पत्र साकेतकडून परत मागायचं आहे."