गंजू दिलेले लोखंड

दि. ९ जून, सोमवार
पत्नी सुमन गेल्यानंतर आज प्रथमच उचगावच्या कारखान्यात गेलो. आवाराची मागची भिंत सलग दिसली. लेथ यंत्राचे ओतीव बेड, म्हणजे यंत्र ज्यावर बसते ते बिडाचे पाये, तिथे गंजत ठेवलेले असत. एकही नाही.
चिरंजीव अभिजित म्हणाले, "डेड स्टॉक होता, बाबा. सॉफ्टवेअरमध्ये सगळं लाल दाखवत होतं. भट्टीत घातला की."
वितळवले!

दि. १०
संताप ओसरत नाही. ताज्या ओतलेल्या बिडात ताण असतो. ऊन-पावसात वर्षभर पडून राहिले की तो निवतो, मग मशीनिंगनंतर बेड वाकत नाही. जर्मनीचे गिऱ्हाईक त्याकरिताच आमच्याकडे टिकले. कोणता बेड कधी ओतला, तो महिना सुमन स्वतः पांढऱ्या रंगाने त्यावर लिही. गंज पाहून कुणी नाक मुरडले तर म्हणे, "आमचं लोणचं हाय ते. मुरतंय."
तिचे अक्षरही भट्टीत गेले. मला विचारावेसेदेखील...

दि. १२
जेवताना अभिजितशी वाद. जर्मनीच्या ऑर्डरीचे बेड गेल्या आठवड्यात ओतले आणि लगेच मशीनवर चढवले!
"मापात बसत्यात न्हवं?"
आज बसतात. तिकडे पोहोचेपर्यंत वाकले तर? बाहेरच्या भट्टीत तापवून ताण काढून घे म्हटले, तर तिथे आपला नंबर जहाज सुटल्यावरच लागणार.
"आईच्या पद्धतीनं चालायचं तर कारखाना बंद करू या."
तिच्या फोटोसमोर बोलला. ताट सारून उठलो.

दि. १४
तपासणीच्या दाखल्यावर सही माझी लागते. केली नाही. कंटेनरचा चालक हात जोडून म्हणाला, "काका, बापलेकाचं नंतर मिटवा, माझी गाडी सोडा की! बंदरात गेट बंद हुतंय." त्याचा काय दोष? तरी त्याच्यावरही ओरडलो. गाडी रिकामी गेली.
जर्मनीला मी स्वतः कळवले : माल तयार दिसतो, परंतु निवलेला नाही, मुदत द्यावी.
अभिजित : "त्यांनी ऑर्डर काढून घेतली, तर भट्टी तुमच्या हातानं विझवा."

दि. १६
उत्तर नाही. "आलं काय?" म्हणून अभिजित सकाळपासून विचारतो आहे. दर वेळी खेकसलो. दुपारी मात्र तो खुर्ची ओढून माझ्या टेबलाशीच बसला. ऊठ म्हणणार होतो.
म्हणालो नाही. टेबलावरचे कागद सारून त्याला जागा करून दिली.