पिराजीकाकांचे बटाटे

ती. सोमेशमामांस,

शांभवीचा साष्टांग नमस्कार. तुमच्या कमरेची चौकशी करणार होते, पण चाळीस किलोचं पोतं एकट्यानं कोल्हापूरच्या एसटीत चढवणाऱ्याची कंबर उत्तमच असणार. इकडे अव्वाचे (तुमच्या अक्काचे) गुडघे सोडले तर सगळं ठीक. (फोन सोडून पत्र का, तर मी फोनवर असले की अव्वा शेजारीच भाजी निवडायला बसते.)

मामा, दोन वर्षांपूर्वी आपलं ठरलं होतं. आपल्या लिंगायत घरात 'अंडी' हा शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, म्हणून मी 'बटाटे' म्हणायचं आणि तुम्ही ओळखायचं. माझी पीएचडी अंड्यातल्या पिल्लाच्या मेंदूवर आहे; डोळ्यातून निघालेला तंतू मेंदूत नेमक्या जागी कसा पोहोचतो, यावर. तो कुणालाही न विचारता पोहोचतो. 'पिराजीकाकांचे चाळीस गावठी बटाटे, ताजे, न हलवता' हे माझं वाक्य मात्र या वेळी तुमच्या कानातून मेंदूपर्यंत गेलं नाही, आणि पोत्यातून खरोखरचे बटाटे आले. (पिराजीकाका बटाटे लावत नाहीत, कोंबड्या पाळतात, हे शेजारी राहून तुम्हाला ठाऊक असावं.)

मी तेव्हा वारणानगरला परीक्षेच्या कामावर. प्रयोगशाळेतल्या कृष्णातला माझी सक्त सूचना, की कुरुंदवाडहून काही आलं तर उबवणपेटीत ठेव आणि दिवसातून तीनदा फिरव. त्यानं मावतील तेवढे बटाटे ठेवले आणि पाच दिवस इमानानं फिरवले. शंका नाही का आली, असं विचारलं तर म्हणाला, "म्याडम, संशोधन हाय म्हटल्यावर आमी कशाला विचारतोय?" आमचे मार्गदर्शक विजयसिंह सर वर्षात पहिल्यांदा पेटी बघायला आले ते नेमके त्याच दिवशी. पिल्लांऐवजी कोंब बघून 'प्रगती दिसतेय' म्हणाले. महिनाअखेर निष्कर्ष दिले नाहीत तर नोंदणी रद्द, हेही त्याच सुरात. मला खरंच रडू आलं, मामा.

तुमची भाची,
शांभवी

ता. क. हे पत्र घेऊन दादा, म्हणजे आपला महांतेश, रविवारी येतोय. त्याच्याबरोबर चाळीस अंडी द्या. अंडी. कोंबडा असलेल्या खुराड्यातली.

आणखी एक ता. क. अव्वाला कळू देऊ नका. तिला सोसणार नाही.

(खाली, पेन्सिलीनं)

सोम्या, पाकीट उघडंच हुतं. दोन वर्सं पोरीच्या पिशवीत पिसं घावत्यात, बटाट्याला पिसं असत्यात व्हय? साठ दे, वाटंत फुटत्यात. आन् तिला बटाटंच म्हण, न्हाईतर लाजंल.
– अक्का