पांझरेत सोडलेली डबी

४ एप्रिल, जळगाव
धाकट्या भावाचा, संजूचा, फोन. त्याच्या लेकीचा, चिमीचा, बायॉप्सीचा रिपोर्ट आला. गाठ मेंदूच्या देठात, जात वाईट. सात वर्षांची पोर.
मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर रिळं काढून दाखवली म्हणे. पेशीतला डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला. कुठला भाग उघडा ठेवायचा, कुठला मिटायचा, याच्या खुणा रिळांवर असतात. चिमीच्या गाठीत बहुतेक रीळच चुकीचं घडलंय, ‘बंद’ची खूण बसत नाही. बाळपणी मिटायचं ते उघडंच राहतं. पेशी मोठ्या होत नाहीत, नुसत्या वाढत सुटतात. संजूचं धुळ्यात साड्यांचं दुकान, त्याला रीळ लगेच कळलं.
मी म्हटलं, “मोठं व्हायला तयार नाहीत असे आपल्या भावकीत पन्नाशीचे पडलेत.”
हसला नाही. “ताई, ठेवतो,” म्हणाला.
वीस वर्षं पेपरात टिंगल लिहून दुसरं काही बोलताच येत नाही मला.

८ एप्रिल, धुळे
संजूकडे. भेटायला येणाऱ्यांची रीघ. चहा ढोसतात आणि निदान करतात. फैजपूरचे मामा: केळीच्या खोडाचा रस. समोरचे निवृत्त मास्तर: मोबाईलचा टॉवर. मास्तरीणबाई, संजूची बायको सुनीता ऐकेल अशा बेताने: “गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल.” सुनीता आत गेली. कुकर झाला तरी शिट्ट्या होऊ दिल्या तिने.
मग मी बैठकच घेतली. रीळ, खुणा, सगळं. हे कुणाच्या खाण्याने, बघण्याने होत नाही. पेशी विभागताना डीएनएत एक अक्षर चुकतं, आपोआप. आईचा दोष शून्य. मास्तरीणबाई म्हणाल्या, “हो, पण तरी...”
या ‘पण तरी’वर औषध निघायला अजून शंभर वर्षं.

९ एप्रिल, धुळे
फ्रिजवर एक प्लास्टिकची डबी. आत मेणाची चपटी वडी, वडीत चिमीच्या गाठीचा तांदळाएवढा कण. सोळाला संजू ती मुंबईच्या दुसऱ्या दवाखान्यात नेणार. रीळ घडवणाऱ्या डीएनएत नेमकं कुठलं अक्षर चुकलं ते त्यातून कळेल. अपेक्षित तेच निघालं तर रेडिएशननंतर एका नव्या गोळीच्या चाचणीत नाव घालता येईल. बरं होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. काही पोरांत गाठ आवरते, म्हणतात. माणूस आवडला. खोटं बोलायची इतकी सोय असून बोलला नाही.
कण एवढाच. त्या जागी पुन्हा सुई घालायला कुणी धजत नाही.
साक्रीहून अक्का आली. आमची थोरली. तिने विचारलं, “हाई डबीमा काय शे व?”
मी मोबाईलवर सदर खरडत होते. मान वर न करता म्हटलं, “आजार. चिमीच्या डोक्यातला.”
अक्काने डबीला हात जोडले. बघून मला हसू आलं. सदराला चालेल, म्हणून टिपूनही ठेवलं.

११ एप्रिल, धुळे
डबी नाही.
अक्काने पहाटे चिमीवरून तीनदा ओवाळली, नारळासोबत नेऊन पांझरेत सोडली. उतारा. संजू ओरडला तेव्हा तिला काही कळेना.
“तूच सांगं ना माले, आजार शे म्हनीसन. आजार का कोनी फ्रिजवर ठेवस?”
संजूने माझ्याकडे पाहिलं. सुनीतानेही.
ज्यांची लायकी नव्हती त्यांना तासभर रीळ समजावलं. अक्काला एक शब्द दिला. तिला काय कळणार, असं धरून चालले होते. म्हणजे मास्तरीणबाई आणि मी सारख्याच.
कुठे सोडली? तिला माहीत नाही. उतारा टाकल्यावर मागे बघायचं नसतं, बघितलं तर परत येतो.
संजू, अक्का आणि मी नदीवर. एप्रिलची पांझरा, पाणी म्हणजे डबकी, बाकी दगड. अक्का काठाशी थांबली. पाय पुढे निघेना. मग पदर खोचला नि म्हणाली, “वापस ऊना ते माले लागो. पोरले नको.” आणि पहाटेच्या वाटेने एकेक दगड बघत उतरली.
तिलाच सापडली. नारळ कुणीतरी नेलेला. डबीचं झाकण उघडं, वडी उन्हात. एक कोपरा वितळून बसलेला. डबीवरचा नमुन्याचा नंबर वाचता येतोय.

१२ एप्रिल, धुळे
त्या दुसऱ्या दवाखान्याच्या लॅबला फोन. “मेण मऊ झालं तरी आतलं शाबूत असू शकतं. आणा, बघू. आत्ता हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.”
सोळाची वाट न बघता संजू निघाला. डबी थर्मासात. चिमीने विचारलं, “पप्पा, त्यात आईस्क्रीम आहे?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता ही काय बोलते. मी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

१९ एप्रिल, जळगाव
संपादक म्हणतात, काहीतरी हलकंफुलकं द्या. अक्काचा प्रसंग टिपलेला आहे. वाचकांनी पोट धरून हसावं असा. खोडला.
संध्याकाळी मेहरूण तलावावर बसून अक्काला फोन. तिला रीळ समजावलं, पहिल्यापासून. मध्येच तिचा प्रश्न: “मंग ते रीळ दुरुस्त व्हस का?”
तासभर बैठक घेतली, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
“रीळ नाही होत, अक्का. पण खुणा लावणारे आणि पुसणारे हात पेशीतच असतात. काही औषधं त्या हातांना आवरायला बघतात. ही गोळी कशी चालते ते अजून पुरतं कुणाला माहीत नाही.”
“आते कळनं,” म्हणाली. मग: “मेण खराब व्हयनं व्हई ते?”
लॅबचंच वाक्य तिला ऐकवलं. टोमणा न जोडता.

२४ एप्रिल, जळगाव
रिपोर्ट नाही. चिमीचं रेडिएशन चालू, गाठीमुळे तिरळा झालेला डावा डोळा अजून तसाच. अक्का रोज सहाला फोन करते. आज तिच्या आधी मीच केला.
सांगायला काही नव्हतं. तेच सांगितलं.