आबांच्या हातात मी दिलेली बंदूक

आबा, तुमच्याशी आणि तुमच्याबरोबर डोंगरात घमेली उचलणाऱ्या सगळ्यांशी बोलायचं आहे. चीनच्या लढाईत लष्करासाठी रस्ते बांधताना तुमच्यातले कितीतरी गेले, आणि आपल्याकडच्या एकाही स्मारकावर त्यांचं नाव नाही. ही तक्रार मी जळगाव-धुळ्याच्या सभांत टेबलावर मुठी आपटून मांडली. तक्रार खरी आहे. पण ती मांडताना मी जे केलं ते कोणापुढे बोललेलो नाही, आणि चार दिवस झाले, घरात एका जागी बसवत नाही.

सुरुवात त्या सिनेमापासून. जळगावच्या टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी खेळ असायचा. बेटावर विमानांसाठी धावपट्टी बांधणारे लष्करी मजूर. शत्रू गोळ्या घालतो, हातात काहीच नसलेली माणसं पटापट पडतात, मग त्यांना बंदुका मिळतात आणि ते बुलडोझर घेऊनच शत्रूवर धावून जातात. मी तुमच्या कानात एकेक वाक्य मराठीत सांगतोय, पेटलोय. तुम्ही मात्र अंधारात चपला काढता. नवा रस्ता दाबून झाला की मुकादमाने आधी अनवाणी चालून बघायचं, ही तुमची सवय. पडद्यावर रोलर फिरतो, धुळीचा लोट उठतो. तुम्ही चपला परत पायात सरकवता. "पानी मारं नही, भाऊ. हाऊ रस्ता आठ दिन टिकनार नही." मागून कोणीतरी खेकसलं, "बाबा, तिथं माणसं मरताहेत आणि तुम्ही रस्ता काय बघता?" तुम्ही वळलात. "मरी ऱ्हायनात ते कसाकरता? रस्ताकरताच ना?"

पुढच्याच आठवड्यात मेहरूणला सभा होती. तुम्हाला मी पहिल्या रांगेत बसवलं आणि गर्दीला सांगितलं की शत्रू समोर आला तेव्हा माझ्या बापाने फावडं टाकलं आणि मेलेल्या शिपायाची बंदूक उचलली. टाळ्या थांबेनात. तुम्ही टोपी मांडीवर ठेवून खाली बघत होतात. तुम्ही मला सांगितलं होतं ते वेगळंच होतं. नाल्यावरचा रस्ता खचला, माघारी येणाऱ्या फौजेच्या गाड्या अडकल्या, गोळे पडत असताना तुम्ही सगळे दगड भरत राहिलात. धरणगावचा तुमचा जोडीदार छातीशी धरलेल्या दगडासकट पडला. गाड्या सुखरूप निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आपल्या दारात. सभेला आली होती. आत यायलाही तयार नाही. "भाऊ, तुमना हातमा बंदूक व्हती. मना मानूसना हातमाबी व्हती का?" तुम्ही माझ्याकडे बघितलं. मी एकदा तोंड उघडायला हवं होतं, आबा. सगळ्या जगाला जाब विचारणारा मी दाराची कडी चाचपत उभा राहिलो. मग तुम्ही, आयुष्यात खडीच्या ढिगाबद्दलसुद्धा खोटं न बोललेले तुम्ही, म्हणालात, "व्हती, वहिनी." ती रडली, हसली, चहा न घेता गेली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तुम्ही थांबलात. "तू माले बंदूक दिनी, म्हनीसन माले त्याले देनी पडनी. त्याना हातमाना दगड आपन काढी लिधा."

त्यानंतर बंदुकीची गोष्ट मी कुठल्याही सभेत सांगितली नाही. खरी गोष्टही सांगितली नाही. तुम्ही गेलात, त्यालाही वर्षं झाली, आणि चार दिवसांपूर्वी तिचं पोस्टकार्ड आलं. गावच्या शाळेत लावायला ती नवऱ्याचं मोठं चित्र काढून घेतेय. चित्रकार विचारतो, बंदूक कशी दिसायची? आबा असते तर त्यांनी सांगितलं असतं, आता तूच सांग, असं लिहिलंय. रंग चढवायचं काम तेवढ्यासाठी अडलंय.

सभेच्या शेवटी मी लोकांना नेमकं एकच काम सांगतो. आज ते मलाच सांगायचं आहे. ऊठ, धरणगावची बस धर, आणि त्या म्हातारीसमोर बसून सांग, काकू, चित्रात बंदूक नको, त्यांच्या हातात दगड रंगवायला सांगा. त्या दगडांवरूनच फौजेच्या गाड्या सुटल्या.

हे कागद पाठवायला तुमचा पत्ता नाही, पण तिचा आहे. स्टँड घरासमोरच आहे. लिहायला बसल्यापासून धरणगावच्या दोन बस मी खिडकीतून जाऊ दिल्या.