मागचे दोन स्पीकर

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

स्पीकर घ्यायचाच! हर्षदने जेवता जेवता जाहीर करून टाकलं. बोनस आलाय ना, तो खिशात राहील कसा! आमचा हॉल दहा बाय चौदा. त्यात सोफा, माझं शिलाई मशीन, प्राप्तीचं टेबल — आणि साहेबांना पाहिजेत पाच स्पीकर आणि वर एक वूफर. मला हसूच आलं.

मग म्हणाला, "पिच्चरसाठी नाय गो. सोला तारखेला आईचं वर्षश्राद्ध. सगली येतील. धवला लावू. नीट ऐकू तरी येईल."

हसू तिथेच राहिलं.

सासूबाई, आवडाबाई, धवलारीण होत्या — लग्नाच्या विधींची गाणी, म्हणजे धवला, गाणाऱ्या. थळपासून आमच्या सगळ्या पट्ट्यात आगऱ्यांच्या घरी त्यांच्या धवल्याशिवाय हळद लागत नसे. वही नाही, पोथी नाही, सगळं तोंडपाठ. त्यांचं रेकॉर्डिंग एकच आहे — जाऊबाईंच्या स्वप्निलच्या हळदीचं, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातलं. हर्षदने फोन खिडकीत ठेवून दिला होता. त्या खिडकीला टेकून मी उभी होते.

२६ ऑक्टोबर, रविवार

अलिबागला दुकानात गेलो. दिपेश नावाचा सेल्समन. तोंड आहे की पट्टा! "साउंडबार घ्याल तर आवाज सगळा समोरून, एकात एक मिसळलेला. मोठ्या सेटला मागचे दोन स्पीकर येतात, मॅडम. मागे कोण कुजबुजलं तेपण सुटं ऐकू येतं."

हर्षदने लगेच फोन काढला. "थांब, आमचे आईचं लावून बघू."

मी त्याचं मनगटच धरलं. "इथं? दुकानात? पायात चपला घालून आईंचा धवला ऐकायचा?"

बिचारा ओशाळला. फोन खिशात गेला. किती पटकन सुचलं मला! ज्यांना बोलले त्यांच्याच नावाची ढाल केली.

२९ ऑक्टोबर

साउंडबारच. सगळ्यात छोटा. दर दोन तासांनी एकदा सांगतेय.

१ नोव्हेंबर, शनिवार

लिहूनच टाकते. ही वही कोणी वाचत नाही.

हळदीच्या दिवशी डीजे आलेला. दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे पोरं अगदी उतावीळ झालेली. आई मात्र गातायत ते गातायतच. एकेका देवाला बोलावणार, एकेका पूर्वजाला बोलावणार, कोणी राहता कामा नये. मी पहाटेपासून उभी. पोटऱ्या दगड झालेल्या. शेजारी जाऊबाई, तेजस्वी. तिला म्हटलं, "म्हातारीला बास कराला सांगा कुनीतरी. उरलेला मसनात जाऊन गा म्हनावं."

हेच. शब्दन् शब्द हेच. तेजस्वी हसली, मीही हसले.

त्यानंतर आईंनी दोन घरची हळद नाकारली. "गला गेला," म्हणाल्या. लोकांनी मानलं, वय झालं. नोव्हेंबरात त्या गेल्याच. एक ओळसुद्धा पुन्हा गायल्या नाहीत. गळाच गेला होता ना? का त्यांनी ऐकलं होतं? वर्ष झालं, भांडी घासताना, पदर पिन करताना, हाच प्रश्न.

हर्षद आईवेडा आहे. त्याने हे ऐकलं तर तो भांडणार नाही. तो माझ्याकडे बघायचंच सोडून देईल. मला माहीत आहे.

फोनच्या स्पीकरवर त्या जागी नुसती खरखर, नीट काही कळत नाही. अकरावं मिनिट. पुसून टाकायला तीनदा फोन हातात घेतला. नाही झालं. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरलाय. बोलून एकदा मारलं, आता पुसून परत मारू?

५ नोव्हेंबर, बुधवार

नवीन युक्ती. खालच्या मजल्यावरचे दत्तात्रेय काका हार्टपेशंट. म्हटलं, यांनीच वूफरला हरकत घ्यावी. वाटीभर तिसऱ्यांचं कालवण घेऊन गेले. म्हटलं, "काका, तुम्हाला त्रास होईल हो. छताला हादरे बसतील. तुम्ही एकदा ह्यांना बोला."

काका म्हणतात कसे, "आवडाबाईचा धवला लावणार? माझे लग्नाला तिनंच गायलाय! मीच येतो वर. मोठाच आन, पोरी, मना कमी ऐकू येतं."

कालवण गेलं, युक्तीही गेली. करायला गेले एक!

८ नोव्हेंबर, शनिवार

मोठा सेट आला. मला न विचारता. "तुला सरप्राइज," म्हणे. दुपारभर भिंतीला भोकं पाडणं चालू होतं. मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या बरोबर वर बसवलेत. खाली बसलं की कानाशी कोणी वाकून उभं आहे असं वाटतं. मी आज जमिनीवर बसून जेवले.

प्राप्तीने सगळ्या वायरी जोडल्या. अकरावीतली पोरगी, तिला यातलं सगळं येतं. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हल्ली नाहीच बोलत. वय आहे, दुसरं काय.

९ नोव्हेंबर

घरात कोणी नव्हतं. हर्षदचा फोन चार्जिंगला. हेडफोन लावून धवला सुरू केला. आईंचा आवाज थेट डोक्यात! खर्जातला, जाडाभरडा. दहाव्या मिनिटालाच हेडफोन ओढून काढले. माझाच आवाज ऐकायची मला भीती वाटतेय! भुताला लोक घाबरतात. मी इकडे स्वतःलाच घाबरून बसलेय.

१५ नोव्हेंबर

उद्या. हर्षदला आधीच सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. दोनदा चहा विचारला.

१६ नोव्हेंबर, रविवार

वीस-बावीस माणसं. पान वाढून झालं, जेवणं झाली, आणि हर्षदने धवला लावला. मी स्वयंपाकघरात. "कल्पिता, ये ना, बस हितं," म्हणून त्यानेच हाताला धरून सोफ्यावर बसवलं. मागच्या दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये.

आई गायला लागल्या. भिंती हलल्या असं नाही, पण माणसं हलली. काका डोळे मिटून रडत होते. हर्षद तर लहान मुलासारखा. नववं मिनिट. दहावं. लांब कोणाच्या तरी बांगड्या वाजतायत तेसुद्धा कळतंय. अकरावं.

आणि — काहीच नाही! ओळ मध्येच तुटली, एक आचका बसला आणि पुढची ओळ सुरू झाली. "हितं जरासा गेला वाटतं," कोणीतरी म्हणालं. हर्षद म्हणाला, "फोन जुना होता."

तेजस्वी माझ्याकडे बघत होती. मी बघितलं नाही.

सुटले! देवा, सुटले! नंतर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार वडे खाल्ले. निर्लज्जासारखे. वर्षभरात पहिल्यांदा भूक लागली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी प्राप्ती कॉलेजला निघाली. दारात बूट घालता घालता म्हणाली, "मम्मी, तो तुकडा मी कापलाय. मागच्या वर्षीच्या दिवाळीत आजीने कापायला लावला. आधी दोनदा ऐकला तिने. मग म्हणाली, तुझे आयशीचा आवाज तेवरा काप, बाय. माझा धवला तुटला तरी चालंल, हर्षदचे कानावं परायला नको."

मी तिचा दुसरा बूट पुढे सरकवला.

"पुसून पण टाक म्हणालेली." तिने लेस बांधली, दप्तर उचललं. "मी नाही पुसला."