दोन कर्जांचा एक हप्ता

१२ डिसेंबर २०१७, मंगळवार

आज बाबांना घेऊन मोताळ्याच्या बँकेत गेले. डी.एड.चं आणि बी.एड.चं, माझी दोन्ही शैक्षणिक कर्जं थकली होती. ती एकत्र करून लहान हप्ता बांधून मिळाला. सहकर्जदार म्हणून बाबांची सही लागली.

बँकेचे साहेब म्हणाले, "तीन नोटिसा पाठवल्या. एकीलाही उत्तर नाही?"

त्या चिखलीला, शिक्षक भरतीच्या परीक्षेसाठी घेतलेल्या माझ्या खोलीवर आल्या होत्या. आधीच बोंडअळीनं कपाशी नेली, त्यात बाबांना आणखी घोर कशाला, म्हणून मी लपवल्या. तेवढ्यात बाबांनी बंडीच्या खिशातून घडी काढली. त्याच तीन नोटिसा! घरच्या पत्त्यावरही आल्या होत्या.

"बाबा, मले काऊन नाही सांगितलं?"

"तू परीक्षेचा अभ्यास करून राह्यली होती, म्हून."

मी घरी आले की त्या नोटिसा लपवून आम्ही दोघं एका पंगतीला बसत होतो. कसं जमलं? राग यायला हवा होता, नुसता थकवा आला.

एसटीतून उतरताना बाबा म्हणाले, "तुह्या मायले काय सांगाचं?"

"सगळंच. आज जेवताना सांगू."

"हाव," म्हणाले.

आईनं गरम भाकरी वाढल्या. जेवणं झाली. आम्हा दोघांपैकी कोणीच बँकेचा विषय काढला नाही.